तुमची पत्रं : हिब्रूच्या मास्तरांवरचा खटला

गेल्या अंकात या सदरात मी विल्यम रॉबर्टसन स्मिथ या स्कॉटिश पंडितांवर जेमतेम दीड पान लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्मिथ १८४६ साली जन्मले, १८९४ साली गेले. ॲबर्डीनच्या फ्री चर्च कॉलेजात ते हिब्रू शिकवत. विश्वकोशातल्या एका लेखापायी त्यांच्यावर चर्चमध्ये खटला झाला आणि नोकरी गेली. मग ते केंब्रिजला अरबीचे प्राध्यापक झाले. एवढंच लिहिलं होतं. मोडीवर मी या सदरात दोन वर्षं लिहिते आहे, पण एवढी पत्रं कधी आली नव्हती. खटला म्हटलं की माणसं सरसावून बसतात.

एका लेखापायी नोकरी जाते म्हणजे काय? तुम्ही काहीतरी गाळलेलं दिसतं.
— एक निवृत्त वकील, नाशिक

गाळलंय, वकीलसाहेब. बरंच गाळलंय.

स्मिथ यांचं नेमणूकपत्र कुणी दिलं होतं, इथपासून सुरुवात करू. फ्री चर्च म्हणजे १८४३ साली स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडलेला पंथ. त्यांची स्वतःची कॉलेजं होती आणि तिथल्या प्राध्यापकांना चर्चची महासभा निवडायची. १८७० साली त्या सभेने स्मिथ यांना हिब्रू आणि जुन्या कराराच्या (म्हणजे बायबलच्या पहिल्या, हिब्रू भागाच्या) अध्यासनावर बसवलं, तेव्हा त्यांना चोविसावं वर्ष चालू होतं. शाळेची पायरी ते चढलेलेच नव्हते. वडील कीग नावाच्या खेड्यात पाद्री होते, त्यांनी मुलांना घरीच शिकवलं आणि पंधराव्या वर्षी थेट विद्यापीठात धाडलं. एडिंबरोला धर्मशास्त्र शिकता शिकता हे गृहस्थ पीटर टेट यांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणूनही काम करत होते. सकाळी विजेची उपकरणं आणि संध्याकाळी हिब्रू क्रियापदं, असा माणूस.

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची नववी आवृत्ती तेव्हा खंडाखंडाने निघत होती. तिच्या तिसऱ्या खंडात, १८७५च्या शेवटी, स्मिथ यांचा ‘बायबल’ हा लेख आला. जर्मन विद्यापीठांत जे पन्नास-साठ वर्षं बोललं जात होतं तेच त्यांनी स्वच्छ इंग्रजीत मांडलं. इस्राएल लोकांचा पुढारी आणि संदेष्टा मोशे, त्याच्या नावावरची बायबलातली पहिली पाच पुस्तकं एका हातची नाहीत, निरनिराळ्या काळांतल्या लिखाणांतून ती जुळवलेली आहेत. आणि अनुवाद या पुस्तकातले कायदे मोशेच्या काळचे नसून कैक शतकांनंतरचे आहेत. (मराठी बायबलमध्ये पाचव्या पुस्तकाचं नावच ‘अनुवाद’ आहे. भाषांतर हा अर्थ तिथे घेऊ नये, पुन्हा सांगणं असा घ्यावा.) हेच जर्मन भाषेतल्या जाडजूड ग्रंथात लिहिलं असतं तर बहुधा कुणी हूं का चूं केलं नसतं. पण विश्वकोश घराघरातल्या कपाटात जाणार होता, आणि लेखाखाली सही होती चर्चच्याच पगारी प्राध्यापकाची.

तुमच्या धंद्यातली एक गंमत. स्कॉटिश चर्चच्या कायद्यात आरोपपत्राला ‘लायबल’ म्हणतात. आपण ज्याला बदनामी म्हणतो तो हा लायबल नव्हे. कुजबुज सुरू झाली तेव्हा स्मिथ यांनीच मागणी केली की माझ्यावर रीतसर लायबल ठेवा, कलमवार उत्तर देतो. १८७७ साली त्यांना शिकवण्यापासून थांबवलं. पुढची तीन वर्षं कलमं, उपकलमं, अपिलं आणि मतदान चाललं. एकेक कलम गळत शेवटी भांडण उरलं ते अनुवाद पुस्तकावर. मे १८८० मध्ये सभेने त्यांना थोड्या मतांच्या फरकाने सोडलं. वर समज दिली, की यापुढे जपून लिहा.

आणि इथे तारखा आडव्या आल्या. समज दिल्याला काही आठवडेच झाले होते, तोच विश्वकोशाचा अकरावा खंड बाहेर पडला. त्यात ‘हिब्रू भाषा आणि साहित्य’ हा स्मिथ यांचा लेख. तो निकालाच्या आधीच लिहून गेला होता. पण समज घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचा लगेच नवा लेख छापलेला दिसला, की सभासदांना काय वाटणार ते तुम्हाला सांगायला नको. १८८१च्या सभेने अध्यासन काढून घेतलं. नवं आरोपपत्र नाही, पुन्हा सुनावणी नाही; तुमच्यावर आमचा विश्वास उरला नाही, एवढ्यावर विषय संपला. पाद्रीपद मात्र ठेवलं.

स्मिथ यांना शहीद करायचा मोह मला होत नाही. विरोधक मूर्ख नव्हते. ही वाट पुढे कुठे जाणार हे त्यांना स्मिथ यांच्यापेक्षा आधी दिसलं, असं माझं मत आहे. स्मिथ शेवटपर्यंत म्हणत राहिले की मी पंथाच्या मताबाहेर एक शब्द लिहिलेला नाही. ते खरंच तसं मानत होते. शिवाय वादात त्यांची जीभ फार तिखट चाले. समोरच्या वृद्ध पाद्र्याला हिब्रू कमी येतं हे चारचौघांत दाखवून दिलं की मुद्दा जिंकता येतो, पण सभेतलं मत गमवावं लागतं.

अनुवाद मोशेने लिहिलं नाही, असं ठासून सांगणारा माणूस गुडघे टेकून प्रार्थना करू शकत असेल का? की तीही विद्वत्ताच? मी चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीत वचन वाचलं आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, अहिल्यानगर

आपल्या पत्रात राग कमी आणि काळजी जास्त दिसली, म्हणून सावकाश उत्तर देते.

आधी भाषेचं बघू. अनुवादाचं पहिलंच वाक्य म्हणतं, की ही वचनं मोशेने इस्राएलाला ‘यार्देनेच्या पलीकडे’ सांगितली. मूळ हिब्रू शब्दांचा सरळ अर्थ तोच. मोशे तर यार्देन ओलांडून कनानात कधी गेलाच नाही. तो उभा होता नदीच्या पूर्वेला. पूर्वेला ‘पलीकडे’ कोण म्हणेल? जो पश्चिमेला बसून लिहितोय तो. रेवदंड्याचा माणूस कोर्लईला पलीकडे म्हणतो, कोर्लईचा रेवदंड्याला. त्या एका शब्दावरून लिहिणारा कुठल्या काठावर आहे ते कळतं. अर्थात एवढ्यावर निकाल लागत नाही. शेवटच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूची हकिगत आहे. बलिदान एकाच निवडलेल्या ठिकाणी करा, असा अनुवादाचा आग्रह आहे. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय मात्र ठिकठिकाणच्या मातीच्या वेद्या गृहीत धरतो. आणि बायबलातल्याच ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात योशिया राजाच्या अमदानीत मंदिरात नियमशास्त्राचं एक पुस्तक सापडतं, ते वाचून राजा वस्त्रं फाडतो, आणि पुढे जे करतो ते बरोबर अनुवादात सांगितलेलं. इसवी सनापूर्वी ६२२च्या सुमाराची ही गोष्ट. ही सांगड जर्मनीत डी वेटे यांनी १८०५ सालीच घातली होती. स्मिथ यांचा तो शोध नव्हे.

आता प्रार्थनेचं. स्मिथ यांच्या मनात तरी दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. नंतरच्या काळच्या संदेष्ट्याने मोशेच्या तोंडी कायदे घातले म्हणजे लबाडी केली असं ते मानत नसत. प्राचीन लेखनाची ती मान्य रीत होती असं म्हणत. देव इतिहासातून बोलतो, मग तो इतिहास नीट लावणं हीसुद्धा सेवाच, ही त्यांची धारणा. नोकरी जाण्याच्या सुमारास, १८८१च्या सुरुवातीला, त्यांनी एडिंबरो आणि ग्लासगोत याच विषयावर बारा व्याख्यानं दिली. सरासरी अठराशे माणसं ऐकायला होती, असं त्यांनीच पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. त्यातली पुष्कळशी आपल्यासारखी मंडळीतली माणसं असणार. अनुवाद कुणी लिहिलं यावरून फुटलेल्या वादाला स्कॉटलंडच्या थंडीत अठराशे माणसं!

मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे आपल्या घरातल्या प्रश्नाला बाहेरून याहून जास्त उत्तर देणं मला शोभणार नाही.

मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. आता म्हणते सेमिटिक भाषा आणि बायबलचा अभ्यास करायचा. बायबल कशाला, असं घरात सगळे विचारतात. ताई, यात पोट भरतं का? आणि सुरुवात कुठून करायची?
— एक पालक, सांगली

पोटाचं आधी सांगते. कमी भरतं. जगभरात या विषयाच्या जागा थोड्या आणि त्यातल्या पुष्कळ धर्मसंस्थांच्या कॉलेजांत. अशा ठिकाणी काही वेळा श्रद्धेच्या निवेदनावर सही लागते. म्हणजे स्मिथ यांचा प्रश्न दीडशे वर्षांनीही मिटलेला नाही. बाकीच्या जागा लायडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ अशा ठिकाणी, आणि तिथे रांग लांब. जर्मन वाचता आलं पाहिजे, ग्रीक आलं पाहिजे. दहा वर्षं धरून चाला.

आता माझी कहाणी ऐका, म्हणजे वेड्यांत तुमच्या लेकीची एकटीचीच गणना होणार नाही. मी पुण्यात पेशवे दफ्तरातले मोडी कागद वाचायची. त्यात अर्धे शब्द फारसीतून आलेले आणि त्या फारसीतले पुष्कळ मुळात अरबी. एकदा ‘महजर’ शब्दावर अडले. महजर म्हणजे दहा-वीस गावकऱ्यांसमक्ष झालेल्या निवाड्याचा कागद. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, “हजर, हुजूर, हजेरी आणि महजर, चौघांत काय दिसतं?” मी म्हटलं, ह, ज, र. ते म्हणाले, “मग झालं तर.” महजर म्हणजे जिथे सगळे हजर ती जागा, आणि मग तिथे झालेला कागद. त्या दिवशी रात्री मी घरात बसून हुकूम, हाकीम, महकमा अशी वही भरून काढली. आईला वाटलं परीक्षा आहे.

सेमिटिक भाषांचं हाडच ते आहे. तीन व्यंजनांचा सांगाडा आणि त्यावर स्वरांचं मांस. हिब्रू, अरबी, अरामी, सीरियाक, अक्कादी, इथिओपियाची गीझ, सगळ्या एका घरच्या. मात्र देवनागरीने फसायचं नाही. आपण नजर आणि नजराणा एकाच ‘ज’ने लिहितो. अरबीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत. नजर पाहण्याच्या धातूतून आली. नजराणा आला नवस बोलण्याच्या, अर्पण करण्याच्या धातूतून. हिब्रूत नवसाला ‘नेदेर’ म्हणतात ते याचंच भावंड. राजापुढे ठेवलेला नजराणा आणि देवापुढे बोललेला नवस मुळात सख्खे निघाले, आणि ‘नजर लागली’तली नजर परकी. हे कळलं तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि त्याच महिन्यात अरबीच्या वर्गात नाव घातलं.

तिथे हातात आलं विल्यम राइट यांचं अरबी व्याकरण. आजही ते वापरतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर सुधारणा करणारे म्हणून दोन नावं आहेत, रॉबर्टसन स्मिथ आणि हॉलंडचे डी खूये. स्मिथ यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी, खटल्याबिटल्याचा पत्ता नसताना. ती आवृत्ती १८९६ला निघायला लागली तेव्हा स्मिथ जाऊन दोन वर्षं झाली होती. राइट केंब्रिजला अरबीचे मुख्य प्राध्यापक, जन्म बंगाल प्रांतातला. १८८३ला स्मिथ केंब्रिजला आले ते त्यांच्या शेजारच्या, नावाला मोठ्या आणि मानधनाला छोट्या अध्यासनावर. १८८६ला विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १८८९ला राइट गेले, मग त्यांची जागा स्मिथ यांना मिळाली आणि गुरुतुल्य सहकाऱ्याची सेमिटिक व्याकरणावरची व्याख्यानंही त्यांनी संपादून छापली. याच काळात ते ब्रिटानिकाचं संपादनही करत होते. ज्या विश्वकोशाने नोकरी घालवली, त्यानेच नोकरी गेल्या गेल्या संपादकाची खुर्ची दिली होती.

हे सगळं कशाच्या बळावर? हिब्रूची खुर्ची असतानाच, १८७२च्या उन्हाळ्यात, ते गटिंगनला पॉल द लगार्ड यांच्याकडे अरबी शिकायला गेले होते. पुढे शिकवणं बंद होतं त्या काळात इजिप्त, पॅलेस्टाइन, सीरिया फिरले, १८८०ला अरबस्तानात जेद्दाहून ताइफपर्यंत गेले, अरबी वेश करून ‘अब्दुल्ला एफेंदी’ म्हणवून घेतलं. कज्जा चालू असताना दुसरा कुणी घरात कुढत बसला असता. मुलीला म्हणावं, हिब्रूच्या जोडीने अरबी धर. हिब्रूचा प्राचीन साठा लहान आहे, एकेक अवघड शब्द उलगडायला शेजारचं घर लागतंच. आणि शेजारचं घर कधी राहायलाही उपयोगी पडतं.

सुरुवात इथेच करा. अरबी मुंबई विद्यापीठात आहे. पुण्यातल्या धर्मशास्त्राच्या संस्थांत हिब्रू शिकवतात. बाहेरच्यांना बसू देतात का ते स्वतः जाऊन विचारावं, फोनवर नाहीच म्हणतात. सीरियाकसाठी केरळात कोट्टायमला सेंट एफ्रेम संस्था आहे. संस्कृतचा फायदा होईल, रूपं पाठ करायची शिस्त असते. तोटाही होईल. पाणिनीवर वाढलेल्या मुलीला अक्षरात स्वर लिहिलेला नसणं सोसत नाही. जुनं हिब्रू स्वरांशिवाय लिहायचे. स्वरांचे ठिपके आणि रेघा मासोरा पंडितांनी, म्हणजे बायबलची हिब्रू संहिता जपणाऱ्यांनी, इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत लावल्या. मोडी येत असेल तर बरं जाईल. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ बघून वाचत नाहीत, संदर्भ बघून वाचतात.

‘बायबल कशाला’ याला उत्तर मी देत नाही. ‘संस्कृत कशाला’ असं घरात विचारलं होतं का, तेवढं कळवा.

आमच्या लग्नात देवक बसवतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला टोटेम म्हटलेलं वाचलं. हे तुमच्या स्मिथ यांचंच खूळ का?
— एक वाचक, कोल्हापूर

त्यांचं आणि त्यांच्या मित्राचं. टोटेम म्हणजे एखाद्या कुळाने आपला नातलग मानलेला प्राणी किंवा झाड. केंब्रिजला जेम्स फ्रेझर नावाचा तरुण त्यांच्या ओळखीचा झाला. विश्वकोशाचं काम ‘टी’ अक्षरापाशी आलं होतं, तेव्हा स्मिथ यांनी त्याला ‘टोटेमिझम’ आणि ‘टाबू’ (निषिद्ध) हे लेख लिहायला दिले. त्यातून फ्रेझर त्या विषयात असा बुडाला की १८९० सालचा त्याचा गाजलेला ग्रंथ त्याने स्मिथ यांनाच अर्पण केला. मग आपल्याकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जातींची माहिती गोळा करताना देवकाच्या पुढे टोटेम हा शब्द लिहून टाकला.

साम्य आहे ते एवढंच, की एक देवक असलेल्या कुळांत सोयरीक होत नाही. पण स्मिथ यांचा खरा सिद्धान्त जेवणाचा आहे. सेमिटिक लोकांचं मूळ बलिदान म्हणजे देवाला दिलेली लाच किंवा नजराणा नव्हे. देव आणि कुळ एका पंगतीला बसून एकच पवित्र प्राणी खातात, त्याने रक्ताचं नातं पक्कं होतं. देवक कुणी खातं का? कदंबाची डहाळी आणतात, पूजतात, सोडतात. तेव्हा टोटेम शब्द आपल्या मांडवात नीट बसत नाही.

आणि त्या पंगतीचा पुरावाही लंगडा निघाला. सिनाईच्या वाळवंटातले सारासेन, म्हणजे भटके अरब, पहाटेच्या ताऱ्यासमोर उंट कापून सूर्य उगवायच्या आत कच्चा फस्त करतात, अशी एक हकिगत संत नीलस यांच्या नावावर आहे. स्मिथ यांनी तिच्यावर फार भार टाकला. पुढच्या अभ्यासकांनी ती हकिगत कादंबरीच्या वळणाची ठरवली. ‘अनुवाद’ची कसून उलटतपासणी घेणारा माणूस उंटापाशी गाफील राहिला. विद्वानाचं असं होतं. आपल्याला हवं ते सांगणाऱ्या साक्षीदाराला तो फार प्रश्न विचारत नाही.

पण त्यांचं दुसरं म्हणणं मात्र तुमच्या मांडवात तपासून बघा. जुन्या धर्मांत विधी आधी आणि कथा मागाहून, असं ते म्हणत. देवक कसं आणायचं, कुणी धरायचं, कुठे ठेवायचं हे तुमच्या आत्याबाई झोपेतही चुकणार नाहीत. ‘का’ विचारलंत तर आत्याबाई एक सांगतील, गुरव दुसरं, आणि चुलते तिसरं.

हे स्मिथ आपल्याकडे कधी आले होते का?
— एक विद्यार्थी, ठाणे

भाऊ आले. धाकटे चार्ल्स मिची स्मिथ मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले आणि पुढे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे पहिले संचालक झाले. आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १८७० साली ज्या महासभेने स्मिथ यांना हिब्रूची खुर्ची दिली, तिचे त्या वर्षीचे अध्यक्ष होते डॉ. जॉन विल्सन. होय, विल्सन कॉलेजवाले. ते स्वतः हिब्रू जाणत, आणि १८३२ साली कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी मंडळींसाठी त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं.

आजोबांच्या पेटीत एक पुस्तक आहे. काही ओळी बाळबोध मराठी, काही चौकोनी अक्षरांच्या, चित्रंही आहेत. उलटं छापलंय असं वाटतं. रद्दीत द्यावं का?
— एक वाचक, अलिबाग

थांबा! उलटं नाही, उजवीकडून उघडायचं आहे. ती चौकोनी अक्षरं हिब्रू असणार. बेने इस्राएलांची वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी अर्थासह मुंबईत १८४६ला आणि चित्रांसह पुण्यात १८७४ला छापली होती. तुमचं तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. उजवीकडचं पहिलं पान आणि चित्राचं एक पान, दोन्हींचे फोटो संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पान उलटताना बोट ओलं करू नका, आणि कडा चिकटपट्टीने जोडू नका. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या पुस्तकाला टेकू देऊ नका.